पेचांना शिस्त लावणारा कारागीर

पाचोऱ्याचा बाजार असो की पुण्या-मुंबईची लोखंड गल्ली, जुना फिटर अजूनही बोल्टाची जाडी सुतात सांगतो. आठ सूत म्हणजे एक इंच. तेव्हा चार सुती बोल्ट म्हणजे अर्ध्या इंचाचा. दशमान मापांचा कायदा 1956 साली झाला, शाळेतल्या मुलांना इंच-फुटांची धड ओळखही उरली नाही, तरी सूत टिकून आहे. हा चार सुती बोल्ट जुन्या इंग्रजी पद्धतीचा असेल तर त्यावर इंचाला बारा आटे असतात आणि आट्याच्या दोन बाजूंमधला कोन 55 अंशांचा असतो. बाराच का, हे विचारण्याची गरज त्या फिटरला पडत नाही. ज्यांनी हा आकडा कायम केला त्या सर जोसेफ व्हिटवर्थ यांचे नाव मात्र त्याच्या तोंडी नेहमी असते. ते कोणा माणसाचे नाव आहे, याची त्याला बहुधा कल्पना नसते इतकेच.

व्हिटवर्थ यांची कीर्ती दोन गोष्टींवर उभी आहे. एक म्हणजे पेचाचे प्रमाणित आटे आणि दुसरी म्हणजे त्यांनी बनवलेली षट्कोनी नळीची रायफल. अभियांत्रिकीचे विद्यार्थी पहिलीपुरते त्यांना ओळखतात, शस्त्रांचे अभ्यासक दुसरीपुरते. या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात ती जागा अगदी लहान आहे: रायफलीवर दुर्बीण धरून ठेवणारा तो इवलासा स्क्रू. तो सैल होऊ नये म्हणून त्यावर कोणता द्राव लावावा, जांभळा, निळा की तांबडा, हा प्रश्न आज नेमबाज मंडळी एकमेकांना विचारतात. त्याचे उत्तर पुढे येईलच. पण आधी या माणसाची हकिगत.

जोसेफ यांचा जन्म 21 डिसेंबर 1803 रोजी मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावी झाला. वडील चार्ल्स हे शिक्षक आणि पुढे धर्मोपदेशक. जोसेफ अकरा वर्षांचे असताना आई गेली आणि घराची घडी विस्कटली. काही काळ त्यांना यॉर्कशायरमधल्या एका शाळेत ठेवण्यात आले. चौदाव्या वर्षी डर्बीशायरमधल्या काकांच्या सूतगिरणीत उमेदवारीला पाठवले. शिकून मोठे झाल्यावर त्यांनी गिरणीचा कारभार पाहावा, असा घरच्यांचा बेत. मुलाचे लक्ष मात्र हिशेबाच्या वहीत नव्हते, यंत्रांत होते. गिरणीतले प्रत्येक यंत्र खोलून जोडता येऊ लागले तसे त्यांना दिसू लागले की ही यंत्रे फार ओबडधोबड आहेत. भाग एकमेकांत नीट बसत नाहीत, कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून कसाबसा बसवतो. चार वर्षांनी त्यांनी काकांना न सांगता गिरणी सोडली आणि मँचेस्टरच्या एका कारखान्यात साधा मेकॅनिक म्हणून नोकरी धरली. पुढच्या आयुष्यात सरदारकीचा किताब मिळालेल्या या गृहस्थांना आपल्या तारुण्यातले सर्वात आनंदाचे दिवस कोणते वाटत असत, तर हे मजुरीचे.

1825 साली त्यांचे फॅनी अँकर्स यांच्याशी लग्न झाले आणि त्याच वर्षी दोघे लंडनला गेले. तिथे हेन्री मॉडस्ले यांचा कारखाना म्हणजे त्या काळच्या यंत्रकारांची काशी. अचूक पेच कापणारे लेथ मॉडस्ले यांनीच नावारूपाला आणले होते. व्हिटवर्थ तिथे लागले आणि एका प्रश्नाने त्यांना पछाडले: खरोखर सपाट पृष्ठभाग कसा तयार करायचा? त्या वेळी दोन लोखंडी पाट्या मधे कुरुंदाची पूड घालून एकमेकींवर घासत. त्यात गोम अशी की एक पाटी किंचित खोलगट आणि दुसरी किंचित फुगीर झाली तरी दोघी एकमेकींवर चपखल बसतात, आणि कारागिराची खुशाल फसगत होते. व्हिटवर्थ यांनी तीन पाट्या घेतल्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पुन्हा पहिलीशी पडताळायची. रंग लावून उंचवटे शोधायचे आणि घासण्याऐवजी पोलादी खरवडणीने तेवढेच उंचवटे काढायचे. तीनही पाट्या तिन्ही जोड्यांत नीट बसल्या तर त्या सपाटच असल्या पाहिजेत, दुसरा पर्यायच राहत नाही. हे काम त्यांनी कारखान्याच्या वेळेनंतर आपल्या खोलीत केले. हे होणे नाही असे ठामपणे म्हणणाऱ्या हॅम्पसन नावाच्या सोबत्याला त्यांनी एके दिवशी पाटी दाखवली, तेव्हा त्या अनुभवी कारागिरानेही हार मानली. आजही कोणत्याही टूलरूममध्ये ग्रॅनाइटची किंवा बिडाची जी सरफेस प्लेट असते, तिच्या मुळाशी हीच तीन पाट्यांची युक्ती आहे.

पुढे त्यांनी जोसेफ क्लेमेंट यांच्याकडेही काम केले. चार्ल्स बॅबेज यांचे गणनयंत्र तेव्हा क्लेमेंट यांच्या कारखान्यात घडत होते. 1833 साली व्हिटवर्थ मँचेस्टरला परतले, पोर्ट स्ट्रीटवर भाड्याची जागा घेतली आणि दारावर पाटी लावली. तीत आपण हत्यारे बनवणारे असून लंडनहून आलो आहोत, एवढेच लिहिले होते. ती पाटी म्हणजे जाहिरातही होती आणि प्रतिज्ञाही. थोड्याच वर्षांत त्यांची लेथ, रंधायंत्रे आणि छिद्रयंत्रे देशोदेशी जाऊ लागली. मधेच 1842 मध्ये त्यांनी घोड्याने ओढायचे रस्ते झाडण्याचे यंत्रही काढले आणि मँचेस्टरच्या गलिच्छ रस्त्यांवर ते काही काळ फिरलेही. आपल्याकडच्या नगरपालिकांनी दीडशे वर्षांनी तशाच यंत्रांच्या खरेदीवर वाद घातले, हे वाचकांना आठवत असेल.

आता आट्यांकडे. त्या काळी प्रत्येक कारखान्याचा पेच वेगळा. एकाच जाडीच्या बोल्टावर कोणी इंचाला दहा आटे पाडी, कोणी अकरा, कोणी साडेअकरा. कोनही मनाला येईल तो. एका कारखान्याची चाकी दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. बोल्ट आणि चाकी लग्नाच्या जोडीसारख्या खुणेने ठेवाव्या लागत. एक हरवली की दुसरी भंगारात. रेल्वे सुरू झाल्यावर हा गोंधळ असह्य झाला, कारण इंजिन बिघडायचे एका गावी आणि त्याचा कारखाना असायचा दुसऱ्या टोकाला.

व्हिटवर्थ यांनी आदर्श आटा कोणता, याच्या गणिती चर्चेत वेळ घालवला नाही. त्यांनी देशातल्या नामांकित कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. कोनाची सरासरी 55 अंश आली. तोच कायम केला. पाव इंचाला वीस आटे, अर्ध्या इंचाला बारा, एक इंचाला आठ. 1841 साली सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे त्यांनी हा निबंध वाचला. मला या साऱ्या प्रकरणात त्यांची हुशारी याच जागी सर्वात जास्त दिसते. नवा, देखणा आटा सुचवला असता तर प्रत्येकाने आपापला कारखाना मोडून नव्याने मांडायला हवा होता. तसे कोणीच केले नसते. सरासरी काढल्यामुळे प्रत्येकाला थोडेथोडेच सरकावे लागले आणि कोणाचाच अहंकार दुखावला नाही. हट्टी म्हणून पुढे बदनाम झालेल्या माणसाने आयुष्यातले सर्वात मोठे काम तडजोडीने केले, ही गंमतच.

क्रिमियाच्या युद्धात या शिस्तीची परीक्षा झाली. इंग्लंडच्या आरमाराला लहान तोफनौकांची सुमारे नव्वद इंजिने काही महिन्यांत हवी होती. नमुन्याचे इंजिन खोलून त्याचे सुटे भाग निरनिराळ्या कारखान्यांना वाटून दिले आणि ते एकत्र आणून जोडले. ते जुळले, कारण सगळ्यांचे आटे एकच होते.

हीच पद्धत जहाजांतून मुंबई बंदरात उतरली. 1860 च्या दशकात जीआयपी रेल्वे खानदेशातून भुसावळकडे गेली तेव्हा तिची इंजिने, पूल आणि यंत्रे इंग्लंडहून आली. पुढे पाचोरा-जामनेर ही अडीच फूट रुंदीची, 56 किलोमीटरची लहान लाइन 1918-19 च्या सुमारास सुरू झाली. अलीकडे थांबलेल्या त्या पीजे गाडीने ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना तो खडखडाट आठवेल. रुळांचे जोड सांधणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट अशा हादऱ्यांनी सैल होतात, आणि म्हणून गँगमनने हातात पाना घेऊन रुळावरून चालत जायचे, हा रेल्वेचा नित्यनेम आहे. शहरी वाचकाला रूळ दूरचे वाटत असतील तर त्याने आपल्या स्वयंपाकघरातला नळ पाहावा. अर्ध्या इंचाच्या त्या नळाला इंचाला चौदा आटे असतात आणि कोन तोच, 55 अंशांचा. पाइपांच्या दुनियेत व्हिटवर्थ यांचे राज्य मावळलेले नाही. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचा पाव इंची, वीस आट्यांचा स्क्रूदेखील त्यांच्याच तक्त्यातून आला.

आट्यांना शिस्त लावायची तर मोजमाप पक्के हवे. पट्टीवरच्या दोन रेघांमधले अंतर डोळ्याने मोजण्यापेक्षा वस्तूची दोन टोके स्पर्शाने मोजावीत, हे त्यांचे मत. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांनी इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारे यंत्र मांडले. त्या यंत्रात ठेवलेल्या यार्डभर लांबीच्या दांडीला नुसते बोट लागले तरी उबेने ती वाढलेली समजत असे. आत जाणारा आणि न जाणारा असे गेज वापरून भाग तपासण्याची रीतही त्यांनीच रुजवली. भुसावळजवळ वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार होणारे काडतूस हजारो कोसांवरच्या रायफलीत बिनदिक्कत बसते, त्यामागे याच रीतीची परंपरा आहे.

1854 साली सरकारने त्यांना रायफलींची यंत्रे बनवण्याबद्दल विचारले. त्यांचे उत्तर सरकारी मंडळींना तऱ्हेवाईक वाटले असणार: आधी चांगली रायफल कशाला म्हणायचे ते तरी ठरू द्या, यंत्रे मग बघू. मँचेस्टरबाहेर आपल्या घराच्या आवारात त्यांनी सरकारी खर्चाने पाचशे यार्ड लांबीची बंदिस्त गोळीबारशाळा उभारली. ती वादळात पडली, पुन्हा बांधली. गोळीच्या वाटेत ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे लावून तिचा मार्ग तपासला. मग नळीची जाडी, पीळ, गोळीची लांबी या प्रत्येक गोष्टीचे प्रयोग केले. अखेर निघाली ती 0.451 इंचाची, आतून षट्कोनी, वीस इंचात एक पूर्ण पीळ घेणारी नळी. एप्रिल 1857 मध्ये हिथ येथे लष्कराच्या नेहमीच्या एनफील्ड रायफलीशी तिची स्पर्धा झाली. पाचशे यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या सरासरी सव्वादोन फूट इकडेतिकडे पडल्या, व्हिटवर्थ यांच्या साडेचार इंचांच्या आत.

तारखेकडे लक्ष द्यावे. त्याच वसंतात त्याच एनफील्डच्या काडतुसांवरून हिंदुस्थानात ठिणगी पडत होती.

इतका फरक दिसूनही लष्कराने ही रायफल नाकारली. नळी फार बारीक, काजळीने लवकर भरते, किंमत एनफील्डच्या कितीतरी पट. आक्षेपांत तथ्य नव्हते असे नाही; चिखलात लोळणाऱ्या शिपायाला घड्याळजीच्या हातची वस्तू देऊन चालत नाही. पण व्हिटवर्थ यांनी समितीशी जुळवून घेण्याचे नावही काढले नाही. दुसऱ्याने सुचवलेला बदल म्हणजे आपल्या कामाचा अपमान, अशी त्यांची धारणा होत चालली होती. आट्यांच्या वेळचा सरासरी काढणारा माणूस आता राहिला नव्हता. पुढे 1871 मध्ये लष्कराने मार्टिनी-हेन्री स्वीकारली, तेव्हा तिची नळी 0.45 इंचाचीच होती. म्हणजे बारीक नळीबद्दल ते बरोबर ठरले, फक्त त्याचा त्यांना उपयोग झाला नाही. मान मात्र मिळाला. 1860 साली विंबल्डनच्या मैदानावर राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केले ते व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढून. टेकणीवर आधीच नेम धरून ठेवलेल्या त्या रायफलीची गोळी चारशे यार्डांवर केंद्रापासून दीड इंचाच्या आत लागली.

याच सुमारास मुंबई प्रांताच्या फौजेत नोकरी केलेले डेव्हिड डेव्हिडसन नावाचे स्कॉटिश अधिकारी रायफलीला दुर्बीण लावण्याच्या खटपटीत होते. त्यांची सडपातळ पितळी दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगाला बसवण्यात येऊ लागली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, दक्षिणेच्या सैन्याने अशा थोड्या रायफली उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून मिळवल्या आणि निवडक नेमबाजांच्या हाती दिल्या. 9 मे 1864 रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचे जनरल जॉन सेज्विक फार लांबून आलेल्या गोळीने ठार झाले. ती व्हिटवर्थ रायफलीची होती, असे सामान्यतः मानले जाते.

त्याच नाकेबंदीने अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला पोहोचेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, मजुरांच्या चुली विझल्या आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाचोरा, जळगाव, धुळे या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या हाती त्या तीन-चार वर्षांत आला तेवढा रोख पैसा पूर्वी कधी आला नव्हता. युद्ध संपताच 1865 मध्ये भाव कोसळले आणि मुंबईतल्या पेढ्यांचे दिवाळे वाजले. सूतगिरणीतून पळालेल्या मुलाच्या रायफलीचा आणि खानदेशच्या कापसाचा संबंध हा असा आहे. मारण्याचे हत्यार इतके अचूक करण्यात आयुष्याचा ऐन काळ घालवावा का, या प्रश्नाचा त्यांना त्रास झाल्याचे दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने तो सहनशीलतेचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा प्रश्न होता.

तो हजारावा भाग किती महागात पडतो, हे साध्या त्रैराशिकाने कळते. रायफलीवर दुर्बीण दोन आधारांवर बसते; त्यांच्यातले अंतर चार इंच धरू. एका आधाराचा स्क्रू सैल होऊन तो आधार इंचाचा एक हजारांश, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, सरकला. पाचशे यार्ड म्हणजे अठरा हजार इंच. तेव्हा गोळी लक्ष्यावर साडेचार इंच सरकणार. हिथच्या स्पर्धेत व्हिटवर्थ यांनी मिळवलेली सगळी अचूकता एवढ्यात संपते.

स्क्रू मुळात धरून कसा राहतो? आवळताना तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. आट्यांमधले आणि डोक्याखालचे घर्षण त्याला उलट फिरू देत नाही. पण जोड आडवा हिसकला, पृष्ठभाग क्षणभर घसरले, की ते घर्षण तेवढ्यापुरते नाहीसे होते आणि स्क्रू सुताभराच्याही कितीतरी भागाने मागे फिरतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये हे प्रयोगाने दाखवले आणि आपण ज्याच्यावर भिस्त ठेवतो तो स्प्रिंग वॉशर अशा आडव्या हादऱ्यापुढे फारसा टिकत नाही, हेही त्याबरोबर उघड झाले. रायफलीचा प्रत्येक धक्का म्हणजे असाच हिसका. मोठ्या बोल्टाला ताणायला लांबी तरी असते; दुर्बिणीचा स्क्रू जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीचा आणि त्याचे पाच-सहा आटेच काय ते धातूत शिरलेले.

अशा लहान स्क्रूंना व्हिटवर्थ यांचा तक्ता अपुरा पडतो, हे त्यांनाही मान्य होते. घड्याळे, तारायंत्रे आणि उपकरणे यांच्या बारीक स्क्रूंसाठी ब्रिटिश असोसिएशनने 1881 साली समिती नेमली, तीत वयाची सत्तरी ओलांडलेले व्हिटवर्थ होते. 1884 मध्ये या समितीने सुचवलेले आटे मात्र स्विस पद्धतीवर आधारलेले, मिलिमीटरमधले आणि साडेसत्तेचाळीस अंशांचे होते. आपल्याकडच्या जुन्या मीटर-रेडिओ दुरुस्तीवाल्यांना ते बीए स्क्रू म्हणून ठाऊक आहेत.

स्क्रू जागच्या जागी राहावा म्हणून तेव्हाचे कारागीर लाख लावत, व्हार्निश लावत, डोक्याच्या कडेला छिन्नीने ठोका देऊन धातू दाबत. नळकाम करणारे सफेदा आणि सुतळीचा धागा वापरत. खरे औषध सापडायला 1953 साल उजाडावे लागले. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात, म्हणजे कोल्ट कंपनीच्या बंदुकांच्या गावात, ट्रिनिटी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी हवेच्या अभावी घट्ट होणारा द्राव बाटलीत टिकवून दाखवला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असा द्राव आधी सापडला होता, पण तो पातळ ठेवायला त्यातून सतत हवा सोडावी लागे. क्रीबल यांनी तो हवा झिरपू देणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवण्याजोगा केला. सुनेने सुचवलेले लॉकटाइट हे नाव 1956 मध्ये बाजारात आले. ही बाटली विकतानाच अर्धी रिकामी का असते, अशी तक्रार करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ती हवा द्राव जिवंत ठेवण्यासाठी असते. आट्यांच्या फटीत हवा मिळत नाही आणि लोखंड किंवा पितळेचा स्पर्श होतो, तेव्हा तो घट्ट होतो. आता ही कंपनी जर्मनीच्या हेन्केलकडे आहे आणि 2020 पासून पुण्याजवळच्या कुरकुंभला हेन्केलचा चिकट द्रावांचा मोठा कारखाना आहे.

आता निवडीचे. जांभळा सर्वात सौम्य, तो सहा मिलिमीटरहून बारीक स्क्रूंसाठीच केलेला. साध्या पेचकसाने सुटतो. निळा मध्यम; हाताच्या हत्यारांनी सुटतो, पण बारीक स्क्रूवर भरपूर ओतला तर सोडवताना डोके झिजते किंवा तुटते. तांबडा कायमचा, तो सोडवायला जोड अडीचशे अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि दुर्बिणीच्या भिंगांना आणि त्यांच्या डिंकाला तेवढी उष्णता म्हणजे मरणच. हिरवा आधीच बसवलेल्या स्क्रूत झिरपणारा. तेव्हा दुर्बिणीच्या स्क्रूंना जांभळा, फार तर उत्पादकाने सांगितले असेल तिथे निळ्याचा एक थेंब. तांबडा कदापि नाही. रंगांची ही भाषा सगळ्या कंपन्या तंतोतंत पाळतीलच असे नाही, म्हणून बाटलीवरचे बारीक अक्षर वाचावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वच्छता. नव्या स्क्रूवर तेलाचा थर असतो. तो पुसल्याशिवाय द्राव नीट धरत नाही. स्टेनलेस पोलाद आणि रंगवलेले ॲल्युमिनियम यांच्यावर तो सावकाश घट्ट होतो, तेव्हा चोवीस तास गोळी झाडू नये. शिवाय ओला द्राव वंगणासारखा वागतो. त्यामुळे पाना तेवढ्याच जोराने फिरवला तरी स्क्रू जास्त ताणला जातो आणि दुर्बिणीची पातळ नळी चेपू शकते. नळीभोवतीच्या कड्यांचे स्क्रू म्हणूनच बहुतेक जण कोरडे ठेवतात आणि मोजून आवळतात, साधारण दोन न्यूटन-मीटर. प्लॅस्टिकच्या भागांवर हा द्राव सांडला तर त्यांना तडे जातात. उघड्या नेमयंत्रांनाही हे नियम सुटलेले नाहीत. मध्य रेल्वेचे कर्मचारी असलेल्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ती पन्नास मीटरची स्पर्धा दुर्बिणीविना खेळतात, पण तिथले छिद्राचे नेमयंत्रही लहान स्क्रूंनीच बसवलेले असते.

व्हिटवर्थ यांच्या शेवटच्या वर्षांत रायफली मागे पडल्या होत्या. वितळलेले पोलाद प्रचंड दाबाखाली घट्ट करण्याची त्यांची पद्धत तोफांच्या आणि जहाजांच्या दांड्यांसाठी नावाजली गेली. तोफांच्या चाचण्यांत विल्यम आर्मस्ट्राँग यांच्याशी त्यांचे वैर वर्षानुवर्षे चालले. 1868 मध्ये त्यांनी तरुण अभियंत्यांसाठी दरसाल शंभर पौंडांच्या तीस शिष्यवृत्त्या सुरू केल्या. निवडीत पुस्तकी परीक्षेबरोबर हाताच्या कामालाही गुण होते. 1869 मध्ये सरदारकी मिळाली. 1874 मध्ये कंपनी भागभांडवलाची करून त्यांनी कामगारांनाही भाग घेऊ दिले. संसार मात्र नीट झाला नाही. फॅनीपासून ते फार पूर्वीच दुरावले होते. तिच्या निधनानंतर 1871 मध्ये त्यांनी मेरी लुईझा ऑरेल यांच्याशी दुसरा विवाह केला. मूल नव्हते. डर्बीशायरमधल्या डार्ली डेलच्या वाड्यात त्यांनी बिलियर्डचे टेबलही लोखंडाचे करून घेतले होते, आणि त्याच्या सपाटपणाची ख्याती होती. तीन पाट्यांचा नाद शेवटपर्यंत सुटला नाही.

थंडी सोसेनाशी झाल्यावर ते हिवाळ्यात दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याकडे जाऊ लागले. 22 जानेवारी 1887 रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे निधन झाले. डार्ली डेलच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. संपत्तीचा मोठा भाग विश्वस्तांच्या हाती ठेवून तो लोकोपयोगी कामांसाठी खर्च व्हावा, अशी त्यांनी व्यवस्था केली होती. त्यातून मँचेस्टरला त्यांच्या नावाचे उद्यान आणि कलादालन उभे राहिले, ओवेन्स कॉलेजला आणि रुग्णालयाला पैसा मिळाला. दहा वर्षांनी, 1897 मध्ये, त्यांची कंपनी विकली गेली. ती घेणारे होते आर्मस्ट्राँग. नवी कंपनी दोघांच्या नावांनी ओळखली जाऊ लागली, आणि जगभर पसरलेल्या तिच्या कारखान्यांत दोघांच्याही तोफा व्हिटवर्थ यांच्या आट्यांनीच जोडल्या जात राहिल्या.